तीन मुलांचा सल्ला देण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जोडप्यांनी जास्त मुलं होऊ द्यावीत, असं अलीकडे मोठमोठी माणसं बोलू लागली आहेत. २०२४च्या ऑक्टोबरात आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू बोलले, त्याच महिन्यात तमिळनाडूत एम. के. स्टॅलिन बोलले आणि डिसेंबरात नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी तीन मुलांचा विषय काढला. इकडे आपल्या महाराष्ट्रात तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, हा नियम २००१पासून लागू झाला. एकीकडे ही बंदी आणि दुसरीकडे तो सल्ला, यात घरातल्या सुनेला कुणी काही विचारलेलं नाही. ती तिचा निर्णय घेऊन मोकळी झाली आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं आहेत आणि देशात २. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला २.१ लागतात.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात शाखा डाकपाल होते. माझ्याआधी माझे सासरे हेच काम करायचे. आमच्याच पडवीत टपालाचं टेबल, लोखंडी पेटी आणि शिक्के. त्या टेबलामागे बसून गावाचं वय बदलताना मी पाहिलं. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिते आहे. पत्र लांबलं तर कात्री लावा, पण वयोवृद्ध बायकांच्या पेन्शनचा भाग कृपया कापू नका.

भारत तरुण देश आहे असं सगळे म्हणतात आणि देशाच्या सरासरीत ते खरंही आहे. निम्मा देश अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या आतला आहे. पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत वाढलीच नाही, उलट घटली. रत्नागिरी जिल्हा १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आला. दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका, कारण पुरुष मुंबईला. ही गणती होऊनही बरीच वर्षं झाली. तेव्हा निदान सुना तरी गावात होत्या. आता त्याही मुलांच्या शाळेसाठी विरार, नालासोपारा, दिव्याला गेल्या. वाडीत उरल्या सत्तरी-ऐंशीतल्या बायका आणि थोडे म्हातारे. देश आणखी पंचवीस-तीस वर्षांनी जिथे पोचणार आहे, तिथे आम्ही आजच बसलो आहोत. म्हणून आमच्याकडे काय झालं हे देशाने नीट बघावं असं मला मनापासून वाटतं.

माझ्या सासऱ्यांच्या वेळी कोकण मनीऑर्डरीवर चालायचं. मुंबईच्या गिरणगावात साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, काम करणाऱ्या एका कामगारामागे गावात सात-आठ तोंडं खायला असायची. आई-वडील, बायको, चार-पाच मुलं, एखादी विधवा आत्या. मनीऑर्डरीच्या फॉर्मच्या खाली मजकुरासाठी दोन बोटांची जागा असायची. ज्या घरात वाचता येणारं कुणी नव्हतं तिथे सासरे तो मजकूर वाचून दाखवायचे. ‘पोरांच्या फीचे २० वेगळे काढ. बाकी वाण्याचे दे. आईस औषध आण. गणपतीला येतो.’ पैसे हातात पडायच्या आधीच वाटले गेलेले असायचे. शिल्लक टाकायला त्यात काही उरतच नव्हतं. खाणारी तोंडं जास्त आणि कमावणारे हात कमी असले की देश का गरीब राहतो, हे मला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तेवढंही थांबलं. मनीऑर्डरीचं रजिस्टर ओस पडलं. चाकरमानी गावी परत आले, काही कायमचेच.

मग कुटुंबं लहान झाली. माझ्या सासूबाईंना सात मुलं, मला दोन, माझ्या सुनेला एक. अर्थशास्त्रज्ञ सांगतात की देशाच्या आयुष्यात असा एक काळ येतो जेव्हा मुलं कमी झालेली असतात, म्हातारे अजून फार वाढलेले नसतात आणि मधली कमावती पिढी भरगच्च असते. एका कमावत्यावर बसणारा भार तेव्हा सगळ्यात कमी. त्या काळात घरात पैसा उरतो, बँकेत जातो, तिथून कारखान्याला मिळतो, मुलांना जास्त शिकवता येतं, बायका बाहेर कमवायला लागतात. जपान, दक्षिण कोरिया, तैवान याच काळात वर आले. चीनही याच काळात वर आला, पण तिथे १९८० ते २०१५ घराघरात एक मूल सक्तीचं केलं होतं आणि त्याची किंमत तो देश आता मोजतो आहे. आपला तो काळ आत्ता चालू आहे. तो एकदाच येतो आणि ठरावीक वर्षांनी जातो. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३चा अहवाल सांगतो की २०५०मध्ये भारतात दर पाच माणसांत एक साठीच्या पुढचा असेल, म्हणजे ३४ कोटींच्या वर. आज जे पोरगं दहावीला आहे, ते तेव्हा चाळिशीत असेल आणि त्याचे आईबाप त्या ३४ कोटींत.

प्रश्न एवढाच की या मधल्या वर्षांत घरात पैसा खरंच उरतोय का.

माझ्या टेबलावर आरडीची, म्हणजे दरमहा भरायच्या ठेवीची, पासबुकं असायची. महिन्याला शंभर-दोनशे रुपये, पाच वर्षांची मुदत. पहिल्या काही वर्षांत मुलं मुंबईहून आईच्या नावे ती भरायची. हळूहळू खंड पडू लागले आणि मुदतीआधी खाती मोडायला माणसं येऊ लागली. आजच्या पोराला ठेकेदाराकडे बारा-पंधरा हजारांचं काम मिळतं, तेही अकरा महिन्यांच्या बोलीवर. त्यातून नालासोपाऱ्याच्या खोलीचं भाडं, लोकलचा पास, मुलाच्या शाळेची फी. गावाला पाठवायचं काय आणि आरडीत टाकायचं काय? गेल्या काही वर्षांत मी उलटं घडताना पाहिलं. म्हातारीचे सरकारी निराधार योजनेचे पैसे जमा झाले की ती त्यातले हजार नातवाच्या खात्यावर टाकायला सांगायची, कारण पोराची नोकरी सुटलेली. पूर्वी मुंबईचा पैसा गावाला यायचा, आता सरकारने म्हातारीला दिलेला पैसा मुंबईला जातो. ही एका गावाचीच गोष्ट असती तर मी गप्प बसले असते. पण रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांप्रमाणे २०२२-२३मध्ये देशातल्या कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ५ टक्क्यांपर्यंत खाली आली, कित्येक दशकांतली सगळ्यात कमी. कमावत्या हातांची गर्दी सगळ्यात जास्त असताना बचत सगळ्यात कमी असेल, तर म्हातारपणासाठी ठेवलंय काय?

आणि हात सगळेच कमावते आहेत असंही नाही. देशातले ४६ टक्के कामकरी २०२३-२४मध्येही शेतीवरच होते आणि शेतीचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. बेरोजगारांत बहुतेक तरुण आणि त्यातही शिकलेले जास्त. आमच्या तालुक्यातली पोरं आयटीआय करतात, बीए करतात, मग पोलीस भरतीची तयारी करत पंचविशी ओलांडतात. ही वर्षं त्यांच्या आयुष्यातून वजा होतात आणि देशाच्याही.

गंमत म्हणून नव्हे, काळजीने सांगते. आमच्याच जिल्ह्यात आंब्याच्या बागा राखायला माणूस मिळत नाही म्हणून नेपाळी कुटुंबं आली. होड्यांवर खलाशी नेपाळी. चिऱ्याच्या खाणीवर आणि घरबांधणीवर कर्नाटकातून आलेली माणसं. खेड तालुक्यातल्या लोट्याच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारची पोरं. लावणीला माणूस नाही म्हणून आमच्या वाडीतली भातखाचरं पड आहेत, त्यांत रान माजलंय. आलेली माणसं कष्टाची आहेत, त्यांच्यामुळेच कोकणचा हापूस बाजारात जातो. २०१९-२१च्या त्याच पाहणीत बिहारात बाईमागे सरासरी ३ मुलं होती, तिथली पिढी तरुण आहे आणि पुढची काही वर्षं सगळ्या देशाचं काम तीच ओढणार आहे. मग त्या पोरांची शाळा, त्यांचं आरोग्य, त्यांच्या हातातलं कौशल्य हा महाराष्ट्राच्याही भल्याचा विषय आहे. आपल्या शहरांत आल्यावर त्यांना परके म्हणून हाकलण्याची भाषा करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडावा.

आता बायकांकडे येते. कमावत्या पिढीतली निम्मी माणसं म्हणजे बायका आणि त्यांना पगारी काम मिळालं नाही तर हा सगळा फायदा अर्ध्यावर येतो. सरकारी पाहणीत पंधरा वर्षांवरच्या बायकांत काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण २०१७-१८मध्ये २३ टक्के होतं, ते २०२३-२४मध्ये जवळपास ४२ टक्क्यांवर गेलं. आकडा चांगला दिसतो. पण त्यातल्या पुष्कळ बायका घरच्याच शेतात किंवा घरच्या टपरीवर राबतात आणि त्यांच्या हातात पगार म्हणून काही पडत नाही. आमच्याकडची सून काजूच्या कारखान्यात आठ तास बसू शकत नाही, कारण अंगणवाडी दुपारपर्यंत सुटते आणि घरात अंथरुणाला खिळलेली सासू असते. मूल आणि म्हातारं माणूस, दोन्हींकडून तिची ओढाताण होते. तिसऱ्या मुलाचा सल्ला देणाऱ्यांनी हे दुपारचे चार तास आधी भरून काढावेत. कोरियाने पैसा कमावला, कारखाने उभारले आणि तरी २०२३मध्ये तिथे बाईमागे ०.७२ मुलं होती. भाषणं आणि बक्षिसं देऊन तिथे मुलं फारशी वाढली नाहीत. नोकरी आणि संसार यांची सांगड बाईला एकटीने घालावी लागली की ती मूल टाळते, इतकं ते साधं आहे.

ज्या भागासाठी पत्र लिहायला घेतलं तो आता लिहिते.

इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्र सरकार साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब माणसाला महिन्याला २०० रुपये देतं. हा आकडा २००७ सालापासून जागचा हललेला नाही. महाराष्ट्र आपली भर घालून ती रक्कम १५०० वर नेतो, हे चांगलंच आहे. पण श्रावणबाळ या राज्याच्या वृद्धांसाठीच्या पेन्शन योजनेत बसायला वय ६५ लागतं आणि नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नसेल तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत दाखवावं लागतं. वर्षाला २१ हजार म्हणजे दिवसाला ५८ रुपये, तेही सगळ्या कुटुंबाचे मिळून. २०२४च्या जुलैपासून लाडकी बहीण योजना आली. तिथेही महिन्याला १५०० रुपयेच, वय २१ ते ६५ आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. दोन्ही नियम शेजारी ठेवून बघा. चौसष्ट वर्षांच्या बाईच्या घरात दोन लाख येत असतील तरी तिला मदत मिळते. पासष्टी उलटली, गुडघे गेले, मजुरीला जाणं थांबलं, की त्याच बाईची मदत बंद होते आणि पुन्हा मिळवायची तर घरचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा तलाठी-तहसीलदारांचा दाखला आणावा लागतो. ज्या वयात हात थकतात, नेमक्या त्याच वयाला नियम बारापट कडक होतो. ‘बाय, माझे पैसे काय म्हणून थांबले? मी काय चूक केली?’ असं विचारणारी बाई माझ्यासमोर उभी राहायची. तिचं वय झालं एवढंच कारण मला तिला सांगावं लागायचं आणि ते सांगताना मला लाज वाटायची. ती एकटी नव्हती. आपल्याकडे बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात आणि नवऱ्यापेक्षा वयाने लहान असतात, म्हणून म्हातारपणाची शेवटची वर्षं पुष्कळजणी विधवा म्हणून काढतात. म्हातारा भारत म्हणजे पुष्कळसा विधवा बायकांचा भारत असणार आहे. अर्थसंकल्प मांडणाऱ्यांनी ही गोष्ट डोळ्यांसमोर ठेवावी.

पैसे मंजूर झाले तरी हातात पडायला अंगठा लागतो. आयुष्यभर राखेने भांडी घासलेली, विळ्याने गवत कापलेली, जांभ्या दगडावर शेणी थापलेली बोटं. त्यांवरच्या रेषा पुसलेल्या असतात. यंत्रावर लाल दिवा लागतो, पुन्हा पुसा, पुन्हा दाबा. मी वाटीत कोमट पाणी आणि खोबरेल तेलाचा थेंब ठेवायचे, बोट जरा भिजवलं, कोरडं करून दाबलं की कधी कधी लागायचं. उजवा अंगठा नाही तर डावा, तो नाही तर मधलं बोट. तरीही नाहीच लागलं तर पायपीट करून आलेल्या बाईला परत पाठवायचं. डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवण्याची सोय आहे, पण ते यंत्र प्रत्येक गावात पोचायला हवं. २०५०पर्यंत म्हातारी माणसं दुप्पट होणार असतील तर अशी साधी यंत्रं ही चैन राहत नाही.

पैसा आणायचा कुठून, हा प्रश्न रास्त आहे. साठीनंतर नियमित पेन्शन असणारी माणसं आपल्याकडे थोडी. ज्यांचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो त्यांच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४पासून १००० रुपयांवर थांबली आहे आणि बहुसंख्य कामगार त्या निधीतसुद्धा नाहीत. आरोग्यावर सरकार राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहूनही कमी खर्च करतं, म्हणून आजारपणाचा मोठा भार घरावर पडतो. सत्तरीनंतर सर्वांना पाच लाखांपर्यंतचे उपचार देण्याचा निर्णय २०२४मध्ये झाला, तो मी मनापासून चांगला मानते. पण आमच्या म्हाताऱ्यांना ऑपरेशनपेक्षा जास्त गरज असते रक्तदाबाच्या गोळीची, जखम बांधणाऱ्या नर्सची, शौचाला उठवणाऱ्या हाताची. हे काम रुग्णालयात दाखल होऊन होत नाही. केरळने २००८मध्ये यासाठी धोरण केलं आणि पंचायतींच्या मदतीने घरोघरी जाणाऱ्या परिचारिका उभ्या केल्या. केरळ आपल्या आधी म्हातारा झाला, म्हणून त्याला आधी सुचलं. आपण त्याच्याकडून शिकायला काय हरकत आहे? शिवाय या कामात गावातल्याच शिकलेल्या मुलींना रोजगार आहे. जर्मनीत मनुष्यबळ पाठवण्यासाठी महाराष्ट्राने २०२४मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, त्यात परिचारिकाही आल्या. मुली जर्मनीला जाव्यात, चार पैसे मिळवाव्यात, मला आनंदच आहे. त्याच शिक्षणावर संगमेश्वरच्या म्हातारीसाठीही दहा-बारा मुली पगारावर नेमाव्यात एवढंच मागणं.

जागेचा प्रश्न नाही. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या सरकारी शाळा १४ हजारांहून अधिक आहेत, असं २०२३मध्ये समूह शाळांचा, म्हणजे लहान शाळा एकत्र करण्याचा, विषय निघाला तेव्हा समोर आलं. शाळा बंद करायला माझा विरोध आहे, चार मुलं असली तरी ती आमचीच आहेत. पण आमच्या वाडीतल्या शाळेच्या तीन खोल्यांपैकी दोन रिकाम्या आहेत. कौलं शाबूत, पाणी आहे, वीज आहे, पडवी ऐसपैस आहे. एका खोलीत संध्याकाळी सहापर्यंत पाळणाघर आणि दुसऱ्या खोलीत म्हाताऱ्यांना दिवसभर बसायची सोय, दुपारचं गरम जेवण, आठवड्यातून दोनदा नर्स. खिचडी शिजवणारी बाई तिथे आहेच, तिला चार माणसांच्या जास्तीच्या स्वयंपाकाचा पगार द्या. एवढ्याने त्या वाडीतल्या सहा-सात सुना काजूच्या कारखान्यात पूर्ण पाळीला जातील. त्यांचा पगार गावातल्याच दुकानात खर्च होईल, थोडा आरडीत पडेल.

जनगणना २०२१ला व्हायची ती आता २०२७ला होते आहे, १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. माझी विनंती आहे की गावनिहाय वयाचे तक्ते लवकरात लवकर जाहीर करावेत, आणि कुठल्या पंचायतीला पाळणाघर हवं, कुठल्या पंचायतीला नर्स हवी हे त्यावरून ठरवावं. श्रावणबाळच्या २१ हजारांच्या अटीसाठी मात्र जनगणनेची वाट बघायची गरज नाही. लाडक्या बहिणीची अडीच लाखांची मर्यादा पासष्टीनंतरही तशीच पुढे चालू ठेवावी, आणि केंद्राने आपले २०० रुपये वाढवून महागाईशी जोडावेत. आमच्या भागाच्या आमदार-खासदारांनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न विचारावा, अशी आपल्या वृत्तपत्रातून त्यांना विनंती करते.

आपली,
एक निवृत्त शाखा डाकपाल,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी